दात्याच्या वहीतला विद्यार्थी

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा उड्डाणपूल आणि लागूनच उल्हासनगर. परगावच्या माणसाला गावाची ओळख एवढ्यातच आटोपल्यासारखी वाटते. पण संध्याकाळच्या गाडीत दाराशी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांच्या गप्पांकडे जरा कान द्यावा. आयईएलटीएसचे बँड, जर्मनीसाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम, बँकेला द्यायचे तारण, जामीन राहायला तयार असलेला मामा. या गप्पांत कधीतरी कुणीतरी विचारतेच, ‘‘सरकार देतं ना रे पैसे?’’ त्यावर खरा प्रतिप्रश्न असा असायला हवा की, कोणते सरकार? इथले की तिथले?

‘तिथले’ सरकार इथल्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च का उचलते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

परदेशी मदत म्हटले की धान्याची पोती, धरणाचे कर्ज, लसींच्या पेट्या असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. शिष्यवृत्ती त्या यादीत सहसा नसते. श्रीमंत देशांची मदत मोजणारी ओईसीडी ही संस्था मात्र विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांवर झालेला खर्च रीतसर ‘विकास साहाय्य’ म्हणून धरते. ज्या देशांत विद्यापीठाची फी नाममात्र असते, त्यांना तर अशा विद्यार्थ्याला शिकवण्याचा अंदाजी खर्चही मदतीच्या रकान्यात दाखवता येतो. जर्मनीच्या मदतीचा आकडा अशाने बराच फुगतो, आणि त्यावरून वादही होतात. त्यातली गंमत उघड आहे. फी त्या देशाच्याच विद्यापीठाला, भाडे तिथल्याच घरमालकाला, भाजीचे पैसे तिथल्याच दुकानदाराला. मदत देणाऱ्याच्या गल्ल्यातून निघते आणि त्याच्याच गल्लीत फिरत राहते. सीमा ओलांडतो तो फक्त विद्यार्थी.

तरीही ही नुसती हातचलाखी नव्हे. धरण बांधून दिले की ते जिथल्या तिथे राहते. शिकवलेला माणूस चालू लागतो, आणि दात्याने त्याला वहीत ज्या रकान्यात लिहिलेले असते त्या रकान्यात तो क्वचितच थांबतो. महाराष्ट्राच्या दीडशे वर्षांच्या अनुभवात हे इतक्या तऱ्हांनी दिसते की, हा विषय समजून घ्यायला ऑक्सफर्ड किंवा वॉशिंग्टनपासून सुरुवात करण्याची गरज नाही. शहाडच्या शेजारचे स्टेशन पुरते.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा, कल्याणचा. त्या एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या कथेतले धाडस सगळ्यांना पाठ आहे. पैशाची बाजू कमी लोक पाहतात. सरकार तिथे जवळजवळ गैरहजर आहे. पती गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले, ते अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आले, न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात ते आले आणि एका अनोळखी बाईचे घर उघडले. दागिने विकले गेले, वर्गण्या जमल्या, कॉलेजच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी हात दिला. मदत होती, पण ती माणसांची होती. मिशनऱ्यांच्या मदतीला धर्मांतराची अपेक्षा चिकटलेली असे. आनंदीबाईंनी ती अट मानली नाही. म्हणजे मदतीमागच्या हेतूचा प्रश्न कल्याणच्या या मुलीपुढे तेव्हाच उभा होता.

सरकारी पैसा आला तो मोजूनमापून. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. साम्राज्याला आपल्या उदारपणाचा असा पुरावा हवाच होता. परांजप्यांनी परतून फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकवायला घेतले, हा भाग साम्राज्याच्या हिशेबात बसणारा नव्हता. त्याच सुमारास, १८९२मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत कृष्णाबाई केळवकर होत्या. टाटांनी अनुदान दिले नाही, कर्ज दिले: शिका, कमवा आणि परत करा, म्हणजे पुढच्याला देता येईल. दान, कर्ज आणि करार या तीन वाटा तेव्हापासून वेगळ्या झाल्या आणि आजही वेगळ्याच आहेत.

कराराची वाट सर्वांत ठळकपणे दिसते ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची लेखी हमी. आजच्या भाषेत हा बाँड. मुंबई इलाख्यातल्या तरुणाला एका संस्थानिकाने अमेरिकेत शिकवले, ही दोन देशांमधली मदत नव्हती. पण सरकारी शिष्यवृत्तीची सगळी कलमे त्यात आहेत. निवड, विषय, मुदत, परतीची अट. आणि करार मोडण्याचे कारणही आहे. मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेब १९१७मध्ये परतले, बडोद्यात नोकरीवर रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. दात्याने मेंदूची किंमत ओळखली होती. त्या मेंदूच्या माणसाला खोली कोण देईल, हे करारात नव्हते. परतीची अट घालणाऱ्या प्रत्येक सरकारने ही हकीकत वाचावी. परत बोलावणे सोपे असते, परतलेल्याला जागा करून देणे अवघड. लंडनचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या शिलकीवर, मित्राच्या उसनवारीवर आणि शाहू महाराजांच्या मदतीने पुरा केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. कल्याणजवळ इंग्रजांच्या लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, फाळणी झाली, रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. युद्धाचे उरलेसुरले सामान जगभर असेच पडून होते. अमेरिकी सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी १९४५मध्ये सुचवले की, परदेशांत पडलेला आपला लष्करी माल तिथेच विकावा आणि त्या पैशातून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी. भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे दोन्ही सरकारे खर्च वाटून घेऊ लागली आणि २००८मध्ये त्याला फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले.

भारताशी तो करार झाला त्याच वर्षी, १९५०च्या जानेवारीत, कोलंबोत राष्ट्रकुलाचे परराष्ट्रमंत्री जमले आणि त्यातून कोलंबो योजना निघाली. आशियातली गरिबी साम्यवादाला आवतण देईल ही भीती त्यामागे होती, आणि ती कुणी फारशी लपवलीही नाही. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९च्या ऑक्सफर्ड परिषदेत ठरली. मॉस्कोने १९६०मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या विद्यार्थ्यांसाठी थेट एक विद्यापीठच काढले आणि पुढच्याच वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव दिले. शीतयुद्धात क्षेपणास्त्रे मोजली जात तशी शिष्यवृत्त्यांचीही मोजदाद होई.

मुंबईच्या लोकल नकाशावर या स्पर्धेचे दोन्ही पक्ष सापडतात. पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली: ५९ तज्ज्ञ, १४ तंत्रज्ञ, आणि इथल्या अध्यापकांना सोव्हिएत संघात शिकण्यासाठी २७ फेलोशिप. तिथून विशेष लांब नसलेल्या ट्रॉम्बेला कॅनडाने कोलंबो योजनेखाली अणुभट्टी दिली आणि भारतीय शास्त्रज्ञांना आपल्याकडे प्रशिक्षणही दिले. ती भट्टी १९६०मध्ये सुरू झाली. शांततेच्या कामासाठी दिलेल्या त्या भट्टीतले प्लुटोनियम १९७४च्या पोखरण चाचणीत वापरले गेले आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. दात्याच्या हेतूपासून मदत किती दूर जाऊ शकते, याचे याहून कडक उदाहरण शोधावे लागेल. उलट बाजूही बघावी. पवईतून पदवी घेतलेल्यांचे लोंढे पुढे गेले ते अमेरिकेला. पेरणी मॉस्कोची, सुगी कॅलिफोर्नियाची!

एक धागा मात्र मराठी वाचकाच्या अगदी घरातला आहे. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना अमेरिकी गहू आणि तांबडा मिलो आठवतो. तो गहू ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली येई आणि भारत त्याची किंमत रुपयांत चुकती करी. हे रुपये अमेरिकेला भारताबाहेर नेता येत नसत. मग त्यांचे करायचे काय? त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांची पुस्तके विकत घेऊन ती अमेरिकी ग्रंथालयांकडे रवाना झाली. मराठी कवितासंग्रहांपासून दिवाळी अंकांपर्यंत काय काय बोटीने गेले असेल, याची कल्पनाच करावी. काही रुपये अमेरिकी अभ्यासकांच्या इथल्या राहण्यावर खर्च झाले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१मध्ये निघाली, तिचे पहिले बिऱ्हाड पुण्यात डेक्कन कॉलेजात होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचे तिचे काम पुण्यात पुढेही चालू राहिले. सरकारी पैशाची ही उलटी वाट कुठे पोचली ते पाहायचे तर गेल ऑम्व्हेट यांच्याकडे पाहावे. त्या साठच्या दशकात फुलब्राइटवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या, पुढे सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. केली, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार थाटला आणि भारतीय नागरिक झाल्या. शीतयुद्धाच्या कोणत्याही आखणीत हे लिहिलेले नव्हते.

इथवर भारत घेणारा होता, असे वाटेल. ते अर्धेच खरे आहे. मौलाना आझादांच्या पुढाकाराने १९५०मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली, आणि आशिया-आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना भारताने शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली ती जवळजवळ स्वातंत्र्याबरोबरच. स्वतःच्या ताटात पुरेसे नसताना. देवनारची लोकसंख्या-अभ्यासाची संस्था १९५६मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून काढली. आशियातले कितीतरी लोकसंख्यातज्ज्ञ चेंबूर-गोवंडीच्या परिसरात राहून शिकले. १९६४मध्ये ‘आयटेक’ हा अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला. नायजेरियाचे पुढचे राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो तरुण लष्करी अधिकारी असताना पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत शिकले. अफगाणिस्तानचे हमीद करझाई शिमल्याला शिकले. नेपाळचे बाबुराम भट्टराई कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर चंडीगडला वास्तुशास्त्र शिकले, पुढे दिल्लीत पीएच.डी. करून परतले आणि माओवादी बंडाचे एक प्रमुख नेते झाले. पंतप्रधानपद त्यानंतर आले. शिष्यवृत्तीने मित्र तयार होतात, असे परराष्ट्र खात्यांना वाटते. शिकलेली माणसे तयार होतात, इतकेच खात्रीने म्हणता येते.

पुण्याच्या पेठांत आणि कॉलेजांत हा दातेपणा रोजच्या व्यवहारात उतरला. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांना कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची आबाळ दिसली, आणि त्यातून १९७१मध्ये सिंबायोसिस उभे राहिले, ही हकीकत पुण्यात सर्वश्रुत आहे. बडोद्यातल्या खोलीचाच प्रश्न, फक्त बाजू बदललेली. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांतली मुले पणजोबांची भाषा शिकायला भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इथे आली. तिकडे मोका येथे दोन्ही सरकारांनी मिळून उभारलेल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते. आणि ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे पेच उभा राहिला. भारताने वर्षाला हजारापर्यंत शिष्यवृत्त्या अफगाण मुलामुलींसाठी ठेवल्या होत्या. परतीची अट पाळायची तर परतायचे कुठे?

या साऱ्याचा अर्थ लावणाऱ्यांचे ढोबळ मानाने चार गट पडतात, आणि ते एकमेकांशी जुने भांडण भांडत आले आहेत. पहिला गट अर्थशास्त्राचा. साठच्या दशकात थिओडोर शुल्ट्झ यांच्यासारख्यांनी शिक्षण हे भांडवलच आहे असे मांडले, आणि मदत देणाऱ्यांना शिष्यवृत्तीसाठी घाऊक समर्थन मिळाले. व्हर्गिस कुरियन हे त्या गटाचे लाडके उदाहरण व्हावे: सरकारी शिष्यवृत्तीवर ते मिशिगनला गेले, आणि बाँडपायी नाइलाजाने आणंदला रुजू झाले. नाइलाज हा शब्द महत्त्वाचा. दुसरा गट यातले नुकसान मोजतो. दादाभाईंनी संपत्तीच्या ओहोटीचा हिशेब मांडला होता, तसा बुद्धीच्या ओहोटीचा. मुंबईतच वाढलेले जगदीश भगवती यांनी सत्तरच्या दशकात सुचवले की, परदेशात स्थिरावलेल्या सुशिक्षितांच्या मिळकतीवर कर बसवून तो मायदेशाला द्यावा. तो कर कधी बसला नाही. वाद मात्र टिकला.

तिसरा गट म्हणतो की ही मदत नव्हेच, हा प्रभाव आहे. जोसेफ नाय यांनी १९९०मध्ये त्याला ‘सॉफ्ट पॉवर’ असे नाव दिले. मार्टिन कार्नॉय यांनी त्याच्या बरेच आधी, १९७४मध्ये, त्याच गोष्टीला सांस्कृतिक साम्राज्यवाद म्हटले होते. एकाने कौतुकाने आणि दुसऱ्याने रागाने वर्णन केलेली वस्तू एकच आहे. चौथा गट अलीकडचा, आकडेमोड करणारा. अंतोनियो स्पिलिम्बेर्गो यांनी २००९मध्ये दाखवले की, लोकशाही देशांत शिकून आलेल्या विद्यार्थ्यांचा मायदेशातल्या लोकशाहीशी संबंध जुळतो. निष्कर्ष सुखद आहे, पण देशादेशांच्या सरासरीत बडोद्याची ती धर्मशाळा दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल कुठे आहे हे यावरून कळलेच असेल.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर वर्तमानपत्रांत आहे. ब्रिटनने आपल्या मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून आधी ०.५वर आणले, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये २०२७पर्यंत ते ०.३वर नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेची यूएसएड ही संस्था मोडीत निघाली, आणि जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या बहुतेक सदस्यांनी निवडीतल्या राजकीय हस्तक्षेपाचा आरोप करून राजीनामे दिले. चीन उलट दिशेने गेला आहे: २०१८मध्येच तिथे ६३ हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होते. संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकास उद्दिष्टांत शिष्यवृत्त्या वाढवण्याचे जे लक्ष्य घातले होते, त्याची मुदत २०२०लाच सरली.

घरची बाजूही याला जोडूनच पाहायला हवी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५पासून चालत आली आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी तिच्यात आता १२५ जागा आहेत. २०२२मध्ये तिच्यातून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळण्यात आले. २०२५मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रे गेली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे कळवण्यात आले. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ‘सारथी’ची योजना सयाजीरावांच्या नावाने चालते. ही परदेशी मदत नव्हे. पण विषय कोणी ठरवायचा, पैसा वेळेवर येणार का, परतायचे का, हे प्रश्न शब्दशः तेच आहेत. आपलेच सरकार अभ्यासाचा विषय वगळते तेव्हा परक्या सरकारच्या हेतूंवर बोट ठेवण्याचा आपला अधिकार थोडा सैल होतो, हे नमूद करायला हवे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आणि काय टाळले, ते आता थोडक्यात. शिष्यवृत्ती कशी मिळवावी याचे हे मार्गदर्शक नाही. तशा पुस्तिका कल्याण स्टेशनबाहेर मिळतात. यशस्वी मराठी माणसांची गौरवगाथाही नाही. इथे प्रत्येक योजना तीन बाजूंनी पाहिली आहे: पैसा कोठून आला, अट कोणती होती, आणि माणूस प्रत्यक्षात कुठे गेला. म्हणून लढाऊ मालाचा लिलाव, गव्हाचे रुपये आणि दरबारी करार यांना विद्यार्थ्यांच्या चरित्रांइतकीच जागा दिली आहे. दाता म्हणून भारताचा विचार मराठीत फारच थोडा झाला आहे, म्हणून तो भाग जाणीवपूर्वक मोठा ठेवला. आकडे जिथे दात्यांनी स्वतःच मोजलेले आहेत, तिथे ते तसेच न घेता बाजूला शंका मांडली आहे. आणि ‘लाभार्थी’ या शब्दाला, वर कृष्णाबाईंच्या बाबतीत हात चुकून गेला तेवढा सोडून, पुस्तकात थारा दिलेला नाही.

स्त्रियांची बाजू अपुरी राहिली आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. जुन्या निवड याद्यांत त्यांची नावे विरळ आहेत. बरोबर गेलेल्या बायकांच्या कहाण्या सरकारी फायलींत नाहीत. त्या असतील तर घरातल्या पत्रांत. कोलंबो योजनेवर गेलेले इंजिनिअर, मॉस्कोत रशियन शिकून आलेले अध्यापक, लंडनहून परतलेल्या परिचारिका यांची कुटुंबे ठाण्यापासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत कुठे ना कुठे आहेतच. एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत बाँडचा कागद, बोटीचे तिकीट किंवा एअर मेलची निळी पत्रे पडली असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी संपादकांना दाखवावीत. दुसऱ्या आवृत्तीत तेवढ्यासाठी एक प्रकरण मोकळे ठेवायचे ठरले आहे.